धाकट्या मुलाची दौलत

बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये सरदाराच्या घरी मुलगा जन्मला, की त्याचं पुढचं आयुष्य बरंचसं एका गोष्टीवर ठरत असे: तो कितवा. थोरल्याला जमीन, किल्ला आणि बापाचा हुद्दा. धाकट्यांना जमलं तर घोडा आणि चिलखत, नाहीतर नुसता आशीर्वाद. भावाभावांत वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडणं राजाला परवडणारं नव्हतं. इतक्या जमिनीमागे लढाईला इतके घोडेस्वार पाठवायचे, असा हिशेब बांधलेला होता. तुकडे पडले तर घोडेस्वार मागायचे कुणाकडे?

या रिवाजात एक मेख होती. मुलगा नसेल तर जमीन चुलत्या-पुतण्यांकडे न जाता मुलीकडे जाई. मुली अनेक असल्या तर मात्र त्यांच्यात समान वाटण्या होत. आणि मुलीची जमीन लग्नानंतर नवऱ्याच्या ताब्यात येई.

विल्यम मार्शल हा इंग्लंडच्या मध्ययुगातला सर्वांत नावाजलेला योद्धा. पाच राजांच्या पदरी त्यानं चाकरी केली, सत्तरीत तो देशाचा कारभारी झाला. त्याच्या पराक्रमाच्या कथा पुष्कळ आहेत. पण त्याच्या घराण्याचा चढ आणि उतार पाहिला तर तलवारीपेक्षा वारशाच्या या दोन नियमांचा हात त्यात मोठा दिसतो. पहिल्या नियमानं त्याला रित्या हातानं जगात पाठवलं. दुसऱ्यानं त्याला एका लग्नात सरदार केलं, आणि पुढच्याच पिढीत ती सगळी दौलत वाटून टाकली.

ओलीस

विल्यमचा जन्म ११४६ किंवा ११४७ चा. वडील जॉन हे राजाचे मार्शल. दरबाराचे घोडे, तबेले आणि वाड्यातली शिस्त यांची जबाबदारी या हुद्द्याकडे असे आणि तो वंशपरंपरागत होता. देशात तेव्हा यादवी माजली होती. राजा स्टीफन आणि त्याची मामेबहीण, सम्राज्ञी माटिल्डा, दोघंही गादीवर हक्क सांगत होते. जॉननं माटिल्डाची बाजू घेतली. ११४१ मध्ये व्हेरवेलच्या मठात शत्रूनं त्याला कोंडलं आणि चर्चला आग लावली. छपरावरचं शिसं वितळून त्याच्या तोंडावर पडलं आणि एक डोळा गेला, पण तो शरण आला नाही.

जॉन लग्नांकडेही लढाईच्याच नजरेनं बघत असे. पहिल्या बायकोपासून त्याला दोन मुलगे होते. शेजारच्या सॉल्सबरीच्या पॅट्रिकशी वैर वाढलं, तेव्हा त्यानं पहिलीला सोडलं आणि पॅट्रिकची बहीण सिबिल हिच्याशी लग्न करून भांडण मिटवलं. सिबिलला चार मुलगे झाले. विल्यम त्यांतला दुसरा. म्हणजे बापाच्या वारशाच्या रांगेत त्याचा नंबर चौथा.

११५२ मध्ये स्टीफननं जॉनच्या न्यूबरीच्या किल्ल्याला वेढा घातला. जॉननं तहासाठी मुदत मागितली आणि हमी म्हणून विल्यमला ओलीस दिलं. पोर पाच-सहा वर्षांचं. मुदत मिळताच जॉननं किल्ल्यात माणसं आणि धान्य भरून घेतलं. पोराला फाशी देऊ, असा निरोप गेला तेव्हा त्यानं उलट कळवलं, की याहून चांगले मुलगे घडवायला लागणारा हातोडा आणि ऐरण अजून माझ्याजवळ आहे.

पोराला फासाकडे नेत असताना त्यानं एका उमरावाच्या हातातला भाला खेळायला मागितला. स्टीफनला दया आली आणि तो त्याला उचलून छावणीत घेऊन आला. पुढे सल्लागारांनी त्याला दगडफेकी यंत्राच्या झोळीत बसवून किल्ल्यावर भिरकावायचं ठरवलं, तर पोराला तो झोपाळाच वाटला. काही दिवसांनी राजा स्वतः त्याच्याबरोबर तंबूत बसून गवताच्या दांड्यांची लढाई खेळताना दिसला. तह झाल्यावर मुलगा सुखरूप घरी परतला.

या गोष्टी आपल्यापर्यंत आल्या त्या एका चरित्रकाव्यातून. विल्यमच्या मृत्यूनंतर थोरल्या मुलानं ते जुन्या फ्रेंच भाषेत लिहवून घेतलं; ओळी १९,२१४. पुढे ते विस्मरणात गेलं. १८६१ मध्ये लंडनच्या एका लिलावात पॉल मेयर या फ्रेंच अभ्यासकाला त्याची एकमेव प्रत ओझरती दिसली. ती पुन्हा हाती लागायला वीस वर्षं गेली. राजा नसलेल्या माणसाचं इतकं तपशीलवार चरित्र त्या काळात दुर्मीळच. अर्थात घरच्यांनी पदरचे पैसे घालून लिहवून घेतलेलं असल्यानं ते अडचणीच्या जागी गप्प बसतं. मॅग्ना कार्टाच्या सनदेचं १२१५ हे वर्ष त्यानं जवळजवळ गाळूनच टाकलं आहे. ते का, हे पुढे येईलच.

घोडे आणि खंडण्या

बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर विल्यमला नॉर्मंडीत, आईच्या नात्यातल्या तांकारव्हीलच्या सरदाराकडे धाडण्यात आलं. शस्त्रविद्या, घोडदौड, दरबारी रीत हे सगळं दुसऱ्याच्या वाड्यात राहून शिकायची तेव्हाची पद्धत होती. तिथे त्याला खादाड म्हणून चिडवत, कारण खाणं, पिणं आणि झोपणं एवढंच तो करतो अशी ख्याती. ११६५ मध्ये बाप वारला. वारशात विल्यमला काहीच आलं नाही.

वर्षभरात तो नाईट झाला आणि लगेच ड्रँकूरच्या लढाईत उतरला. जिवावर उदार होऊन लढला, घोडाही गमावला. रात्री मेजवानीत एसेक्सच्या अर्लनं त्याच्याकडे एखादं खोगीर नाहीतर जुना पट्टा भेट म्हणून मागितला. माझ्याकडे कुठून असणार, असं विल्यम म्हणाला. त्यावर अर्ल म्हणाला, की आज तर चाळीस-साठ तुझ्या हातात होते. सगळे हसले. विल्यमला धडा कळला: शत्रूला नुसतं पाडून भागत नाही, त्याला पकडायचं असतं. नाईट होताना मिळालेला झगा विकून त्याला साधं तट्टू घ्यावं लागलं.

पकडायचं, कारण पकडलेल्याचा घोडा आणि चिलखत विजेत्याचं होई, शिवाय सुटकेची रक्कम वेगळी. यासाठी लढाईचीही वाट पाहावी लागत नसे. उत्तर फ्रान्समध्ये वर्षातले कितीतरी आठवडे टूर्नामेंट भरत. दोन स्वार मधल्या कठड्याच्या बाजूंनी भाले रोखून दौडताहेत, हे चित्र नंतरच्या काळातलं. विल्यमच्या तरुणपणी दोन गावांच्या मधल्या मैलोगणती रानात शेकडो स्वारांची दोन दळं एकमेकांवर तुटून पडत, शेतं तुडवली जात आणि संध्याकाळी कैद्यांचा हिशेब होई. जमीन नसलेल्या धाकट्यांसाठी हा पोटापाण्याचा धंदा होता.

११६८ मध्ये मामा पॅट्रिकबरोबर विल्यम फ्रान्सच्या पॉइतू प्रांतात राजा हेन्री दुसरा याची राणी एलेनॉर हिच्या तैनातीला गेला. ल्युझिन्यान घराण्याच्या माणसांनी दबा धरून हल्ला केला, पॅट्रिक मारला गेला, विल्यम मांडीला जखम होऊन कैद झाला. जखमेला बांधायला चिंधीही कुणी देईना. एका वाड्यातल्या बाईनं पावाचा मगज कोरून आत तागाच्या पट्ट्या भरल्या आणि तो पाव त्याच्याकडे पाठवला. पुढे एलेनॉरनं पैसे भरून त्याला सोडवलं, घोडे आणि कपडे दिले. ११७० पासून तो तिच्या मुलाच्या, बाप हयात असतानाच राज्याभिषेक झालेल्या तरुण हेन्रीच्या पदरी लागला.

पुढची बारा-तेरा वर्षं टूर्नामेंटची. रॉजर नावाच्या दुसऱ्या नाईटशी त्यानं भागीदारी केली; जे मिळेल ते निम्मं-निम्मं. तरुण राजाच्या मुदपाकखान्याच्या कारकुनानं त्यांचा हिशेब ठेवला होता. त्यानुसार एका पेंटेकॉस्टच्या सणापासून पुढच्या लेंटच्या उपासांपर्यंत दोघांनी मिळून १०३ नाईट पकडले. प्लेर गावच्या टूर्नामेंटमध्ये सर्वोत्तम योद्ध्याचं बक्षीस, एक भला मोठा मासा, विल्यमला द्यायचं ठरलं. बक्षीस घेऊन आलेल्या लोकांना तो सापडेना. शोधता शोधता लोहाराच्या भट्टीपाशी गेले, तर हा ऐरणीवर डोकं ठेवून ओणवा बसलेला. घाव बसून शिरस्त्राण असं चेपलं होतं, की ते डोक्यातून निघत नव्हतं आणि लोहार हातोडी-पकडीनं ते उकलत होता.

नाव झालं, पैसा आला आणि खर्चही झाला. जमीन मात्र वीतभरही नव्हती. ११८३ मध्ये तरुण हेन्री हगवणीनं वारला. मरताना त्यानं आपला क्रूस शिवलेला झगा विल्यमच्या हवाली केला आणि तो जेरुसलेमला पोचवायला सांगितलं. विल्यम पवित्र भूमीत गेला, दोन-एक वर्षं राहिला. येताना रेशमी कापडाचे तुकडे घेऊन आला. ते कशासाठी, हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही.

टॉवरमधली वारस

परतल्यावर थोरल्या हेन्रीनं, म्हणजे राजा हेन्री दुसऱ्यानं, त्याला उत्तरेत कार्टमेलची जमीन दिली. चाळिशीला पहिली जमीन. त्याबरोबर केंडलची एक वारस मुलगीही त्याच्या देखरेखीखाली सोपवली, म्हणजे लग्न करायचं तर कर. विल्यम थांबला. त्याच्या मनात याहून मोठी स्थळं होती.

बाप गेलेल्या वारस मुलीचं लग्न ठरवणं हा राजाचा अधिकार असे. असं लग्न राजा चाकरीचं बक्षीस म्हणून देई, किंवा चक्क विकत असे. आणि त्या घडीला राजाच्या ताब्यातलं एक मोठं स्थळ लंडनच्या टॉवरमध्ये होतं: इझाबेल द क्लेअर. तिचे वडील स्ट्राँगबो म्हणून ओळखले जाणारे रिचर्ड द क्लेअर. आयर्लंडमधल्या लेन्स्टरच्या राजाला त्याची गादी परत मिळवून द्यायला ते सैन्य घेऊन गेले आणि त्याची मुलगी ईफा हिच्याशी लग्न करून त्याचे वारस झाले. ११७६ मध्ये ते वारले. इझाबेलचा एकुलता भाऊ लहानपणीच गेला. त्यामुळे वेल्सच्या सीमेवरचा स्ट्रीगिल, म्हणजे आजचा चेपस्टोचा किल्ला, इंग्लंड आणि नॉर्मंडीतल्या जमिनींवरचे हक्क आणि आयर्लंडमधला लेन्स्टरचा मुलूख, हे सगळं त्या मुलीच्या नावावर होतं. तिच्या आजोबांना राजा म्हणत आणि विल्यमचे वडील राजाचे तबेले बघत.

११८९ च्या उन्हाळ्यात हेन्री दुसरा आपल्याच मुलाशी, रिचर्डशी लढत होता. ल माँमधून माघार घेताना पाठलागावर असलेला रिचर्ड विल्यमच्या समोर आला. अंगावर पूर्ण चिलखतही नव्हतं. विल्यमनं भाला वळवला आणि त्याच्या घोड्याच्या पोटात खुपसला. रिचर्ड वाचला, पाठलाग थांबला. महिन्याभराच्या आत हेन्री शिनाँच्या किल्ल्यात वारला आणि ज्याचा घोडा मारला तोच राजा झाला. आपलं आता काही खरं नाही, असं विल्यमला वाटलं असणार. पण रिचर्डनं हिशेब वेगळा केला. जो माणूस शेवटपर्यंत हरणाऱ्या धन्याला सोडत नाही, तो आपल्या कामाचा. त्यानं इझाबेलचं लग्न विल्यमशी लावायचा बापाचा शब्द पाळला.

ऑगस्ट ११८९ मध्ये लंडनमध्ये लग्न झालं. नवरा सुमारे त्रेचाळीस वर्षांचा, नवरी सतरा-अठराची. लग्नाचा खर्च एका श्रीमंत लंडनकरानं उचलला, कारण नवऱ्याजवळ तेवढे पैसे नव्हते. वीस वर्षं भाला चालवून जे मिळालं नाही, ते एका दिवसात मिळालं. त्यात इझाबेलला कुणी विचारलं होतं, असं कुठेही नोंदलेलं नाही.

चेपस्टोच्या किल्ल्याचे मुख्य दरवाजे याच काळातले. लाकडाच्या वर्तुळांवरून काळ ठरवणाऱ्या अभ्यासकांनी ते ११९० च्या दशकात किंवा त्यापूर्वी बसवल्याचं दाखवलं आहे. युरोपातल्या किल्ल्यांचे इतके जुने लाकडी दरवाजे दुसरीकडे उरलेले नाहीत. ते आता आत जपून ठेवले आहेत.

११९४ मध्ये थोरला भाऊ कायदेशीर वारस न ठेवता वारला आणि मार्शलचा हुद्दा विल्यमकडे आला. ११९९ मध्ये रिचर्डनंतर गादीवर आलेल्या राजा जॉननं राज्याभिषेकाच्या दिवशी त्याला पेम्ब्रोकचा अर्ल केलं. तो किताबही सासऱ्यांच्या घराण्याचा. पेम्ब्रोकला त्यानं बांधलेला गोल बुरूज आजही उभा आहे.

किलकेनीची काउंटेस

इझाबेलला दहा मुलं झाली आणि सगळी मोठी झाली: पाच मुलगे, पाच मुली. त्या काळात एवढं भाग्य क्वचित कुणाच्या वाट्याला येई.

संकट आलं ते राजा जॉनकडून. १२०४ मध्ये नॉर्मंडी फ्रान्सच्या राजाकडे गेली. तिथली जमीन ठेवायची, तर फ्रान्सच्या राजासमोर गुडघे टेकायला हवेत. विल्यमनं टेकले. जॉन संतापला. त्यानं विल्यमचा थोरला मुलगा ओलीस मागितला, १२०७ मध्ये दुसराही. ज्याला त्याच्या बापानं फासाच्या तोंडी दिलं होतं, त्या माणसानं आपली मुलं राजाच्या हवाली केली. आणि जॉन स्टीफनसारखा नव्हता. १२१२ मध्ये त्यानं नॉटिंगहॅमला वेल्समधली अठ्ठावीस ओलीस मुलं फासावर चढवल्याचं तेव्हाच्या बखरीत नोंदलेलं आहे. मार्शलची मुलं वाचली.

१२०७ च्या शेवटी जॉननं विल्यमला आयर्लंडमधून बोलावून घेतलं. तो इंग्लंडला गेला की त्याच्या मुलुखावर हल्ला होणार, हे उघड होतं. जाण्याआधी त्यानं किलकेनीत आपल्या नाईटांना गोळा केलं आणि इझाबेलचा हात धरून पुढे आला. त्यानं जे सांगितलं त्याचा मतितार्थ असा: ही तुमच्या खऱ्या धन्याची मुलगी. तुम्हाला जमिनी दिल्या त्या हिच्या वडिलांनी. ही गरोदर आहे आणि तुमच्या भरवशावर राहते आहे. माझं जे काही आहे ते हिच्यामुळे आहे. टूर्नामेंटच्या रानात दरारा असलेल्या माणसानं भर सभेत दिलेली ही कबुली होती, आणि ऐकणाऱ्यांना ती नवी नव्हती. लेन्स्टरमधल्या त्याच्या कितीतरी सनदांत इझाबेलच्या संमतीचा उल्लेख आहे. तिच्या होकाराशिवाय त्यांतली दानं टिकलीच नसती.

तो गेल्यावर राजाचा आयर्लंडमधला कारभारी मेलर फिट्झहेन्री याच्या माणसांनी न्यू रॉस या मार्शलांनी वसवलेल्या बंदरावर धाड घातली, कोठारं जाळली. किलकेनीत इझाबेल डगमगली नाही. तिच्या माणसांनी अल्स्टरच्या अर्लची मदत घेऊन मेलरचा पराभव केला, आणि तो काउंटेसला शरण आला. हमी म्हणून त्याला आपला मुलगा तिच्याकडे ओलीस ठेवावा लागला.

मुलींची लग्नं हाही राजकारणाचाच भाग. थोरली मॉड नॉरफोकच्या अर्लच्या मुलाला दिली. आईच्याच नावाची इझाबेल ग्लॉस्टरच्या अर्लला, सिबिल डर्बीच्या अर्लच्या वारसाला, ईव्हा वेल्सच्या सीमेवरच्या ब्रिओज घराण्यात. प्रत्येक लग्नानं एक शेजारी बांधला गेला. पुढे यातून काय होईल, हे कुणाच्याही ध्यानीमनी नव्हतं.

सत्तरीतला राजप्रतिनिधी

१२१५ मध्ये उमरावांनी जॉनला मॅग्ना कार्टावर शिक्का उमटवायला लावलं. त्या सनदेत राजाचे सल्लागार म्हणून दिलेल्या सरदारांच्या यादीत विल्यमचं नाव पहिलं आहे. आणि राजावर वचक ठेवायला नेमलेल्या बंडखोरांच्या पंचवीस जणांत त्याच्या थोरल्या मुलाचं नाव आहे. घराण्यानं दोन्ही डगरींवर हात ठेवला होता, की बापलेकांत खरंच फूट पडली होती? काहीही असलं तरी कोणतीही बाजू जिंकली, तरी मार्शलांची जमीन वाचली असती. मुलानं पैसे देऊन लिहवून घेतलेल्या चरित्रानं हे वर्ष का टाळलं, ते यावरून समजतं.

त्या सनदेत एक कलम विधवांसाठी होतं: मर्जीविरुद्ध त्यांचं पुन्हा लग्न लावता येणार नाही. दुसरं वारसांसाठी: त्यांची लग्नं कमी दर्जाच्या घरात लावायची नाहीत. जमीन घेऊन फिरणाऱ्या बायका किती मोलाच्या होत्या आणि राजे त्यांचा बाजार कसा मांडत, हे या कलमांतून दिसतं.

ऑक्टोबर १२१६ मध्ये जॉन वारला. लंडनसह निम्मा देश बंडखोर आणि फ्रान्सचा युवराज लुई यांच्या हातात, तिजोरी रिकामी आणि वारस नऊ वर्षांचा हेन्री. ग्लॉस्टरला घाईघाईनं राज्याभिषेक झाला आणि सत्तरीला टेकलेल्या विल्यमला कारभार हाती घ्यायची गळ घालण्यात आली. दोन-तीन आठवड्यांत त्यानं पोपच्या वकिलाबरोबर स्वतःच्या शिक्क्यानं मॅग्ना कार्टा नव्यानं जारी केली, राजसत्तेला सर्वांत जाचणारी कलमं वगळून. ज्यासाठी उमराव लढत होते, तेच राजानं देऊ केल्यावर लढायचं कशासाठी? एकेक जण परत येऊ लागला. थोरला मुलगाही आला.

मे १२१७ मध्ये लिंकनला निर्णायक लढाई झाली. शहराच्या दरवाजातून आत घुसण्याच्या घाईत म्हातारा शिरस्त्राण न घालताच निघाला होता; हाताखालच्या पोरानं आठवण केल्यावर थांबला आणि घातलं. त्याच दिवशी बंडाचा कणा मोडला. ऑगस्टमध्ये सँडविचपुढे समुद्रात फ्रेंच मदत बुडाली. लुईला १०,००० मार्क देऊन मायदेशी धाडण्यात आलं.

शेवटच्या वाटण्या

१२१९ च्या वसंतात विल्यम आजारी पडला. त्यानं नावेतून टेम्स नदीनं कॅव्हरशॅमच्या आपल्या वाड्यावर जायचं ठरवलं. तिथे राजाचा कारभार पोपच्या वकिलाकडे सोपवला आणि घरच्या वाटण्या केल्या. थोरल्या विल्यमला इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडमधलं मुख्य वतन. रिचर्डला नॉर्मंडीतली जमीन. गिल्बर्ट धर्मकार्याला वाहिलेला. वॉल्टरला थोडी जमीन. सर्वांत धाकट्या अ‍ॅन्सेल्मला मात्र काहीच नाही. तो नाईट होईपर्यंत जगला तर माझ्यासारखंच स्वतःचं बघेल, असं बापाचं म्हणणं. विल्यमचा जुना विश्वासू सेवक अर्लीचा जॉन याला हे पटलं नाही. तो अडून बसला, तेव्हा कुठे अ‍ॅन्सेल्मला आयर्लंडमधली १४० पौंड उत्पन्नाची जमीन मिळाली. लग्न व्हायचं राहिलेल्या पाचव्या मुलीचा, जोनचाही विल्यमला घोर होता. तिच्यासाठी त्यानं जमीन आणि रोख रक्कम बाजूला काढली.

एका कारकुनानं सुचवलं, की कोठारात ऐंशी तरी लाल, केसाळ अस्तराचे झगे आहेत, ते विकून आत्म्याच्या शांतीसाठी दान करावं. विल्यम त्याच्यावर उखडला. पेंटेकॉस्टचा सण जवळ आला होता आणि सणाला नाईटांना नवे झगे द्यायची घरची रीत होती. झगे वाटले गेले.

एके दिवशी त्याला गाणं ऐकायची लहर आली. मॉडनं म्हटलं. जोनला लाज वाटली, आवाज नीट लागेना, तर खाटेवरून त्यानं तिला ओळ कशी घ्यायची ते शिकवलं. पाद्र्यांनी बजावलं, की टूर्नामेंटमध्ये घेतलेलं सगळं परत केल्याशिवाय स्वर्ग नाही. तो म्हणाला, की आयुष्यात पाचशे नाईट पकडले, त्यांचे घोडे आणि शस्त्रं घेतली; ते परत द्यायचं तर मोक्ष कुणालाच मिळायचा नाही.

मग त्यानं चेपस्टोहून ते रेशमी कापड मागवलं. तीसहून अधिक वर्षांपूर्वी जेरुसलेमहून त्यानं ते स्वतःच्या अंत्यसंस्कारासाठी आणलं होतं. टेम्पलर या लढवय्या संन्याशांच्या पंथात जायचं वचनही तेव्हाच दिलेलं. पंथाची दीक्षा घेतली की स्त्रीला स्पर्श वर्ज्य, म्हणून त्यानं आधी इझाबेलचं चुंबन घेतलं. दोघंही रडली. १४ मे १२१९ ला तो वारला आणि लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये त्याला पुरलं. त्याचा समजला जाणारा दगडी पुतळा तिथे अजून आहे. १९४१ च्या बाँबहल्ल्यात त्याचं बरंच नुकसान झालं. इझाबेल पुढच्याच वर्षी गेली.

पाच भाऊ

पाच मुलगे असलेलं घराणं बुडेल, असं कुणालाही वाटलं नसतं. थोरल्या विल्यमनं तर राजाची बहीण एलेनॉर हिच्याशी लग्न केलं. १२३१ मध्ये आपल्या विधवा बहिणीचं, इझाबेलचं राजाच्या भावाशी लग्न लावून दिल्यावर आठवड्याभरात तो वारला. मूल नाही. मागे राहिलेल्या एलेनॉरला वैधव्याचा हिस्सा म्हणून मार्शलांच्या आयर्लंड-वेल्समधल्या जमिनीपोटी वर्षाला ४०० पौंड ठरवले गेले. ती रक्कम फार कमी आहे, हे भांडण तिचा दुसरा नवरा सिमॉन द मॉन्टफोर्ट राजाशी वर्षानुवर्षं घालत राहिला.

दुसऱ्या रिचर्डनं राजाच्या परदेशी सल्लागारांविरुद्ध बंड केलं. एप्रिल १२३४ मध्ये आयर्लंडच्या करा माळावर तो घायाळ झाला आणि दोन आठवड्यांत वारला. तिसरा गिल्बर्ट पाद्री व्हायचा होता; भाऊ गेल्यावर तो अर्ल झाला. आपणही बापासारखे आहोत हे दाखवायला १२४१ मध्ये हर्टफर्डजवळच्या टूर्नामेंटमध्ये उतरला. लगाम तुटले, पाय रिकिबीत अडकला आणि घोड्यानं त्याला फरफटत नेलं. ज्या खेळानं बापाला वर काढलं, त्यानंच मुलाचा जीव घेतला. चौथा वॉल्टर नोव्हेंबर १२४५ मध्ये गेला, आणि महिनाभरात पाचवा अ‍ॅन्सेल्मही. वारसा त्याच्याकडे आला, पण काही आठवड्यांपुरताच. पाचांपैकी एकालाही कायदेशीर वारस नव्हता.

लोकांनी याचं कारण शोधून काढलं. सेंट ऑल्बन्सच्या मठातला बखरकार मॅथ्यू पॅरिस सांगतो, की विल्यमनं आयर्लंडमधल्या फर्न्सच्या बिशपची दोन गावं बळकावली होती. त्याच्या मृत्यूनंतर बिशप लंडनला आला आणि त्यानं कबरीपुढे उभं राहून मुलांकडे गावं परत मागितली. मुलांनी नकार दिला, तेव्हा त्यानं शाप दिला: एका पिढीत हे नाव पुसलं जाईल. शापाची कथा तिखटमीठ लावलेली असली, तरी गावांचा वाद खरा होता.

पाच बहिणी

नाव पुसलं गेलं, दौलत नाही. भाऊ संपल्यावर नियम सरळ होता: बहिणींच्या समान वाटण्या. १२४७ मध्ये सगळी जहागीर पाच हिश्श्यांत विभागली गेली. आयर्लंडमध्ये मॉडला कार्लो, इझाबेलच्या वारसाला किलकेनी, सिबिलच्या वारसांना किल्डेअर, ईव्हाच्या मुलींना डनामेसचा किल्ला आणि भोवतालचा मुलूख, जोनच्या वारसांना वेक्सफर्ड. सिबिलला सात मुली होत्या आणि मुलगा नव्हता, त्यामुळे किल्डेअरचे आणखी सात तुकडे झाले. थोरल्याच्या हाती सगळं राहावं म्हणून केलेल्या कायद्याचं हे दुसरं टोक: पुरुष वारस संपला, की तोच कायदा जमिनीच्या चिंध्या करे. स्ट्राँगबोच्या मुलीमार्फत जो मुलूख एका माणसाच्या हाती गोळा झाला होता, तो तिच्या मुलींमार्फत अठ्ठावन्न वर्षांत पांगला.

पेम्ब्रोकचा किल्ला जोनच्या मुलीबरोबर राजाच्या सावत्र भावाकडे, विल्यम द व्हालेन्सकडे गेला. इझाबेलची मुलगी स्कॉटलंडच्या ब्रूस घराण्यात दिली होती. स्कॉटलंडला स्वातंत्र्य मिळवून देणारा राजा रॉबर्ट ब्रूस हा तिचा नातू. ईव्हाच्या एका मुलीनं मॉर्टिमर घराण्यात लग्न केलं, आणि त्या वंशातून पुढे इंग्लंडचा राजा एडवर्ड चौथा आला. राजाच्या तबेल्याची देखरेख करणाऱ्या जॉनचं रक्त असं दोन राजघराण्यांत मिसळलं, आणि तेही फक्त मुलींकडून.

राहिला मार्शलचा हुद्दा. तो थोरली मॉड हिच्याकडे आला आणि तिच्या मुलाकडून बिगॉड घराण्यात गेला. ते घराणं संपल्यावर हुद्दा राजाकडे परतला, राजानं तो दुसऱ्याला दिला, आणि मग पुन्हा एकदा मुलींच्या वारशानं मोब्रे आणि त्यांच्याकडून हॉवर्ड घराण्यात पोचला. हॉवर्ड म्हणजे नॉरफोकचे ड्यूक. २०२३ मध्ये राजा चार्ल्सच्या राज्याभिषेकाची सारी व्यवस्था ज्यांनी पाहिली, ते ड्यूक तिथे अर्ल मार्शल या नात्यानंच होते.